एक तरी खोट

मोटारसायकलवर लावायचं साधं जीपीएस घ्यायला माणसाला किती वेळ लागावा? दुकानात जावं, दोन-तीन बघावीत, खिशाला झेपेल ते उचलावं आणि घरी यावं. एका संध्याकाळचं काम. आम्ही उन्हाळ्यात सुरुवात केली, आणि गणपती येऊन गेले तरी आमचं बघणं चाललंच होतं. आमचं म्हणजे माझं आणि श्रीकांतचं. आणि ते असंच चालू राहावं म्हणून मी, एरवी देवापुढे हात जोडायचाही कंटाळा करणारा माणूस, रोज मनातल्या मनात हात जोडत होतो.

कारण सांगतो. श्रीकांतची फुफ्फुसं वाळत चालली होती. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, मग आमची तोंडं बघून सोपं करून सांगितलं की स्पंजाचा दगड होतोय, आणि दगडाचा पुन्हा स्पंज होत नाही. चिक्कडपल्लीतल्या त्याच्या फ्लॅटमध्ये पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असे. त्यातून निघालेली लांब नळी त्याच्या नाकात. नळी पुरेल तिथवर श्रीकांत चालायचा. मोरीपर्यंत, देवघरापर्यंत, आणि फारच ताणली तर बाल्कनीच्या दारापर्यंत. खाली त्याची बुलेट उभी असायची. ती बघायची तर कठड्याशी जावं लागे, आणि तेवढी नळी नव्हती.

असा माणूस मोटारसायकलसाठी जीपीएस निवडत होता. हसायचं असेल तर हसा. पहिल्या दिवशी मीही हसलो होतो.

मी मूळचा पुण्याचा. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि मलकपेठेत घर करून इथलाच झालो. श्रीकांत मात्र इथलाच. त्याचे आजोबा धर्माबादकडचे शेतकरी, निजामाच्या काळातच शहरात आलेले. वडिलांनी कोठीच्या बाजारात बॅटऱ्यांचं दुकान काढलं, ते श्रीकांतने चालवलं. आमची ओळख त्याच दुकानात झाली. मला स्कूटरसाठी बॅटरी हवी होती. त्याने किंमत सांगितली, मी पाकीट काढलं, तर हा पठ्ठ्या बॅटरी द्यायला तयार होईना.

"पुण्याचे का?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"पहिल्या दिवशी घेतो तो गिऱ्हाईक नाही साहेब, बकरा असतो. आज बघा. खोट काढा. चार दुकानं फिरून उद्या या, मग देतो."

मला वाटलं, माणूस वेडा आहे. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हा त्याने चहा पाजला आणि बॅटरी दिली. कोठीचा हाच रिवाज आहे, असं तो आयुष्यभर सांगत आला. वस्तू हातात घ्यायची, उलटीपालटी करायची, खोट काढायची आणि निघायचं. दुकानदारालाही त्यात अपमान वाटत नाही. खोट न काढता घेतलेली वस्तू घरात टिकत नाही, असं श्रीकांतचं ठाम मत होतं. लग्नाच्या वेळी वंदनावहिनींना बघायला गेला तेव्हाही हा म्हणे परत आला आणि पुन्हा गेला. वहिनी त्यावरून त्याला कायम टोमणे मारायच्या.

आम्ही दोघं रविवारी गाड्या काढायचो. तो बुलेटवर पुढे, मी मागे. मला रस्ते कधीच लक्षात राहिले नाहीत. राहायची गरजही पडली नाही, कारण पुढे श्रीकांतची पाठ असायची. निवृत्तीनंतरचा बेतही ठरलेला होता. बासरपासून गोदावरीच्या काठाकाठाने उलटं जायचं, धर्माबाद, नांदेड, गंगाखेड, पैठण करत थेट त्र्यंबकेश्वरपर्यंत. हायवेने नाही. नदी दिसत राहील अशा गावरस्त्यांनी. बेत झाला, दुकान भाड्याने दिलं, बुलेटचं इंजिन उघडून नीट केलं, आणि श्रीकांतला जिना चढताना धाप लागायला लागली.

निदान झाल्यावर तो बोलायचा थांबला. जेवायचा थांबला म्हणायलाही हरकत नाही. वहिनी वरणभात कालवून पुढे ठेवायच्या आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. श्वासाचे व्यायाम करून घ्यायला एक बाई यायची, तिला त्याने परत पाठवलं. मी रोज संध्याकाळी जायचो आणि त्याच्या पाठीशी बोलून परत यायचो. इतकी वर्षं त्याची पाठ बघत आलो होतो, पण आता ती बघवत नव्हती.

एक दिवस काहीच सुचेना म्हणून मोबाईलवर आलेली एक जाहिरात मी मोठ्याने वाचून दाखवली. मोटारसायकलसाठी जीपीएस, अमुक सुविधा, तमुक सवलत. पाठ हलली नाही. मी वाचत राहिलो.

"पाण्यात चालतं का?" भिंतीकडून आवाज आला.

"काय?"

"पावसात. चालतं का ते... लिहिलंय का?"

मी बघितलं. लिहिलेलं नव्हतं.

"मग कचरा आहे," श्रीकांत म्हणाला, आणि या कुशीवर वळला. "दाखव इकडं. काय बघायलास एकटाच?"

त्या रात्री तो जेवला. वहिनींनी फोन करून सांगितलं, आणि सांगतासांगता रडल्या.

तिथून आमचं सत्र सुरू झालं. मी आपला अडाण्यासारखा म्हणालो होतो की मोबाईलमध्ये सगळं असतं, वेगळं यंत्र कशाला. त्यावर त्याने श्वास घेत घेत माझी अक्कल काढली. मोबाईल हँडलवर लावला की बुलेटच्या थरथरीने त्याचा कॅमेरा जातो. उन्हात तापला की बंद पडतो. पावसाचा थेंब पडला की त्यालाच बोट समजून भलतीकडे पळतो. "आन् वंदनाचा फोन आला की रस्ता गायब," तो म्हणाला. मग जरा दम घेऊन, "नदीकाठच्या गावात टॉवर कुठंय रे? नेटवर्क नक्को म्हणून तर तिकडं जायचंय." म्हणजे नकाशा यंत्राच्या पोटातच हवा. पडदा भर उन्हात दिसायला हवा, हातमोज्यांच्या बोटांनी चालायला हवा. आणि हे सगळं परवडणाऱ्या किमतीत. महागातलं घ्यायला काय अक्कल लागते, ते तर कुणीही घेईल.

डॉक्टरांनी मला आणि वहिनींना दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं की औषधांनी आता फारसं काही होणार नाही. सुधारणा काय दिसते ती त्यांच्या मनाची आहे, ते मन ज्यात गुंतलंय त्यात गुंतू द्या. वहिनींनी तिथेच माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊजी, अजून किती मॉडेलं आहेत हो बाजारात?"

"पुष्कळ आहेत," मी म्हणालो.

मला काहीच माहीत नव्हतं. पण तेव्हापासून माझं काम ठरलं. यंत्र शोधायचं आणि ते सापडू द्यायचं नाही.

कोठीतल्या गुजराती गल्लीत मी पडीक राहायला लागलो. दुकानात उभं राहून व्हिडिओ कॉल लावायचा आणि श्रीकांतने पलंगावरून दुकानदाराची उलटतपासणी घ्यायची. त्याचा आवाज क्षीण झाला होता, पण प्रश्न धारदार होते.

"ये क्लिप प्लास्टिक की है क्या?"

"प्लास्टिक हैच साब, मगर मजबूत है."

"मजबूत बोलके... तुम्हारा बाप बी बोलता था. उसकी दुकान से... पंखा लिया था मैं."

दुकानदार हसायचा. बापाची ओळख निघाली की कोठीत माणूस अर्धा विरघळतो. एकाने पाण्याचा ग्लास मागवून यंत्रावर ओतून दाखवला. दुसऱ्याने गल्लीतल्या उन्हात नेऊन पडदा दाखवला. शेवटी तिसरा वैतागून मला म्हणाला, "साब, तुम्हारे दोस्त लेने कू बैठे कि इम्तिहान लेने कू?" मी म्हणालो, दोन्ही. फोनमधून श्रीकांतच्या हसण्याचा आवाज आला, त्या हसण्याचा खोकला झाला, आणि वहिनींनी फोन काढून घेतला.

घरी गेलो की त्या दिवशीच्या यंत्राचा पंचनामा व्हायचा. एकात नकाशाच नव्हता, नुसता बाण, बाकी सगळं मोबाईलच्या जिवावर. एक मोटारीचं होतं, पावसाचा शिंतोडा आला तर राम म्हणणारं. एकाचा नकाशा इतका जुना की त्यात मेट्रोचा पत्ताच नव्हता. श्रीकांत एकेकात खोट काढायचा आणि प्रत्येक खोटीसरशी दोन घास जास्त खायचा. व्यायामवाल्या बाईला त्याने परत बोलावलं. मला म्हणाला, "बुलेट पेलायला छाती नको का?" मी हो म्हणालो. आणि पाणी प्यायच्या निमित्ताने आत गेलो. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी न विचारता पाण्याचा पेला पुढे केला.

आणि मग व्हायचं तेच झालं. पुतळीबावलीला, जुने सुटे भाग मिळतात त्या बाजूला, एका दुकानात मला नेमकं हवं तसं यंत्र दिसलं. कुणीतरी हौसेने घेऊन, लग्न झाल्यावर विकून टाकलेलं. पाण्याला दाद न देणारं, भर दुपारी लख्ख दिसणारं, मोज्यांच्या बोटाने चालणारं, नकाशा पोटात. दुकानदाराने किंमत सांगितली तीही आमच्या आवाक्यातली. दाखवावं की नाही या विचारात असतानाच श्रीकांतचा फोन आला, कारण ती आमची बाजाराची वेळ होती.

मी कॅमेरा यंत्रावर धरला. त्याने सगळं विचारलं. दुकानदाराने सगळ्याची उत्तरं दिली, आणि सगळी बरोबर होती. मग फोनमध्ये बराच वेळ नुसती मशीनची घरघर ऐकू येत राहिली.

"मागं फिरव," श्रीकांत म्हणाला.

मी फिरवलं.

"ते चार्जिंगचं झाकण. ढिलं दिसायलंय."

मी अंगठ्याने दाबून बघितलं. झाकण असं घट्ट होतं की नखाने निघेना.

"हो रे," मी म्हणालो. "ढिलं आहे."

"पाणी जाईल मग."

"जाईलच."

दुकानदार माझ्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला काय कळणार! मला मात्र त्या दिवशी कळलं की श्रीकांतलाही सगळं ठाऊक आहे. मी नाही त्याला फसवत, आम्ही दोघं मिळून काहीतरी पुढे ढकलतोय. त्याविषयी आम्ही कधी एक अवाक्षर बोललो नाही. संध्याकाळी गेलो तर त्याने नेहमीसारखं झाकणावरून दुकानदाराला शिव्या घातल्या, आणि मीही घातल्या.

दसऱ्यासाठी ईशा आली. श्रीकांत-वंदनाची एकुलती एक मुलगी. बंगळूरला मोठ्या नोकरीत आहे. लहानपणी मी तिला बुलेटच्या टाकीवर बसवून तलावाकाठच्या टँकबंडवर फिरवलं आहे. पोर गुणी आहे, बापावर जीव टाकते. तिचं मराठी अर्धं इंग्रजी असतं आणि वाचायला दिलं तर दातांखाली खडा आल्यासारखं तोंड करते, पण दर दिवशी न चुकता फोन करते. तिच्याविषयी मी जे पुढे सांगणार आहे, ते या सगळ्यासकट ऐकावं.

आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमचं नेहमीचं चाललं होतं. मी नव्या मॉडेलची माहिती वाचत होतो आणि श्रीकांत म्हणाला, "नक्को. परवडत नाही." ईशा दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले. मला बाहेर बोलावून म्हणाली, "काका, हे काय आहे? बाबा एवढ्या महिन्यांपासून एक छोटी गोष्ट घेऊ शकत नाहीयेत? जस्ट बिकॉज ऑफ मनी? मी कमावते कशासाठी मग?"

"अगं, पैशांचं नाही ते," मी म्हणालो.

"मग कशाचं आहे?"

आता काय सांगणार? बापाच्या आजारपणाने पोर आधीच अर्धी झाली होती. तिला कुठल्या तोंडाने सांगू की तुझा बाप यंत्र घेत नाहीये म्हणून जिवंत आहे? "त्याला निवडायला आवडतं," एवढंच मी म्हणालो. तिने डोळे पुसले आणि मान हलवली. मला वाटलं, समजली.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी जेवायला गेलो. दाराला झेंडूचं तोरण होतं. खाली बुलेटला हार घातलेला, हँडलला हळदकुंकू. वर देवघरात श्रीकांतच्या जुन्या पान्या-पकडींची पूजा मांडलेली होती, आणि त्यांच्या मधोमध एक काळंभोर, नवंकोरं यंत्र होतं. पडद्याच्या कडेला कुंकवाचं बोट. वर एक झेंडूचं फूल.

"सरप्राइज!" ईशा म्हणाली. "काका, हे बेस्ट आहे. मी सगळे रिव्ह्यूज वाचले. बाबांना जे जे हवं ते सगळं आहे यात. ऑफिसमधल्या रायडरलाही विचारलं मी. आणि बाबा, प्राइस विचारायची नाही."

मला असा राग आला, असा राग आला! पहिला विचार हाच आला की परत करू, हल्ली सगळं परत घेतात. मग ते कुंकवाचं बोट पुन्हा दिसलं. पूजा झालेली वस्तू आपल्यात कुणी परत करत नाही, तीही दसऱ्याची. पोरीला एरवी यातलं काही येत नाही, आणि नेमकं हे तिने आईला विचारून रीतसर केलं होतं. वंदनावहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पोरीने रीत विचारली आणि हळदकुंकू मागितलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, बुलेटसाठी मागतेय.

श्रीकांतने यंत्र हातात घेतलं. उलटं केलं, पालटं केलं. कडेने नख फिरवलं. बटण दाबलं, पडदा उजळला, त्याने तो खिडकीच्या उजेडाकडे धरला. चार्जिंगचं झाकण उघडलं आणि लावलं. मी त्याच्या बोटांकडे बघत होतो. मनात म्हणत होतो, काढ बाबा, एक तरी खोट काढ. तू कोठीचा आहेस. कुठली तरी काढ.

त्याने मान वर करून ईशाकडे बघितलं. ती हात जुळवून, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना उभी राहायची तशी उभी होती.

"छान आहे," श्रीकांत म्हणाला. "एकदम छान आहे बेटा. काहीच खोट नाही."

ईशाने त्याच्या गळ्यात हात टाकले. मी बाल्कनीत गेलो.

जेवणं झाल्यावर वहिनी माझ्यामागे आल्या. "भाऊजी, तिला कधी काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघांत राहू द्या." मी कबूल केलं, आणि पुढेही कधी बोललेलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून श्रीकांतने बाजाराची वेळ विचारली नाही. मी हार मानली नाही. हेल्मेटं बघूया म्हणालो, पावसाळी कोट बघूया म्हणालो, बुलेटला अडकवायच्या पिशव्यांची चित्रं नेऊन दाखवली. तो ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "नक्को उदय." चिडून नाही. दुकान बंद करताना उशिरा आलेल्या माणसाला सांगावं तसं. व्यायामवाली बाई पुन्हा यायची थांबली. ताटातला भात ताटात राहायला लागला. डॉक्टरांनी मशीनचा आकडा वाढवला.

एवढं मात्र तो करत होता. यंत्र मांडीवर घेऊन, एका बोटाने तो त्यात वाट भरत होता. बासर, मग धर्माबादकडचा काठाचा रस्ता, मग एकेक गाव. थकला की बाजूला ठेवायचा, जरा बरं वाटलं की पुन्हा घ्यायचा. त्र्यंबकपर्यंत भरून झालं त्या दिवशी त्याने ते माझ्या हातात दिलं.

"कधी निघतोस?"

"कुठे?"

"मशीन आलं. आता कुणीतरी... जायला पाहिजे ना."

"तुझ्याशिवाय मी कुठे गेलोय कधी?"

"म्हणून तर मशीन आहे," तो म्हणाला.

मी साफ नाही म्हणालो. त्याने रोज विचारलं. जेवण नाही, औषध नाही, एवढाच एक प्रश्न. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "जाऊन या भाऊजी. तेवढं एक तरी त्यांच्या मनासारखं होऊ दे." मग मी घासाघीस केली, त्यानेच शिकवलेली. त्र्यंबक नाही. फक्त बासर आणि पुढचा थोडा काठ, आणि संध्याकाळी परत. "उरलेलं आपण दोघं मिळून," मी म्हणालो.

"हौ," श्रीकांत म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याने माझ्याशी सौदा केला होता, तोही घाट्यात.

बुलेट त्याचीच न्यायची होती. सकाळी मी यंत्र हँडलवर बसवलं आणि किक मारली. वर बाल्कनीत वहिनी आल्या. त्या दाराकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या. म्हणजे श्रीकांत नळी ताणून दाराशी उभा होता. मला खालून तो दिसत नव्हता आणि त्याला वरून मी दिसत नव्हतो. बुलेटचा आवाज तेवढा जात असणार. मी गाडी जागेवरच दोनदा-तीनदा रेस केली, हॉर्न दिला आणि निघालो.

यंत्र खरोखर चांगलं होतं. हेल्मेटमधल्या स्पीकरवर त्यातली बाई शुद्ध हिंदीत बोलायची आणि एकदाही चुकायची नाही. कामारेड्डी गेलं, निजामाबाद गेलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यापुढे कुणाची पाठ नव्हती आणि तरी मी रस्ता चुकलो नाही. बासरचा पूल ओलांडला, सरस्वतीच्या देवळाला बाहेरूनच हात जोडले आणि यंत्रातल्या बाईच्या सांगण्याप्रमाणे काठाच्या रस्त्याला लागलो. अरुंद, उखडलेला रस्ता, एका बाजूला सोयाबीन काढून झालेली रानं आणि दुसऱ्या बाजूला नदी. ऊन चढलं होतं, पडदा लख्ख दिसत होता.

एका ठिकाणी थेट पाण्यापर्यंत उतार होता. मी गाडी खाली नेली. श्रीकांतला नदी दाखवावी म्हणून मोबाईल काढला, तर रेंज नव्हती. एक काडी नाही. मला हसूच आलं. टॉवर कुठंय रे, त्याने विचारलं होतं. खरंच कुठे नव्हता. मोबाईल ठार आणि यंत्रावर मात्र निळी नदी, पांढरा रस्ता आणि काठावर मी, सगळं बिनचूक. तू म्हणालास तसंच आहे, हे त्याला कधी एकदा सांगतो असं मला झालं. मी नदीचे फोटो काढले, बुलेटचा नदीसकट एक काढला, डब्यातल्या वहिनींच्या पोळ्या खाल्ल्या. बरं वाटत होतं. काय सांगू, फार दिवसांनी बरं वाटत होतं.

मग गाडी वर काढली आणि पुढच्या गावाजवळ आलो तशी खिशात मोबाईलची थरथर सुरू झाली. थांबेचना. सगळे वहिनींचे फोन. मी बाजूला उभा राहिलो आणि लावला.

"भाऊजी, कुठे आहात?"

"नदीवर होतो वहिनी. रेंज नव्हती. कसा आहे?"

मागे काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि मग लक्षात आलं, मशीनची घरघर ऐकू येत नव्हती.

"सावकाश या," वहिनी म्हणाल्या. "आता घाई करू नका."

श्रीकांत गेला होता. मी नदीवर पोळ्या खात होतो तेव्हाच केव्हातरी. त्याने वहिनींना विचारलं होतं म्हणे, उदय पोचला का, आणि वहिनींनी मला फोन लावला होता, आणि तो लागला नव्हता. तर तो म्हणाला, "लागत नाही म्हणजे... पोचला." एवढंच.

हे मला नंतर कळलं. तेव्हा मी फक्त गाडी वळवली. हैदराबादकडे तोंड केल्याबरोबर हेल्मेटमधली बाई बोलली, "जहाँ संभव हो, वापस मुड़ें."

मी ऐकलं नाही. ती पुन्हा बोलली. पूल ओलांडला, ती म्हणाली वापस मुड़ें. निजामाबादच्या गर्दीत, प्रत्येक चौकात, वापस मुड़ें. बंद करायला एक बटण पुरलं असतं. पण ती वाट श्रीकांतने त्याच्या बोटाने भरली होती, आणि ती पुसायला माझं बोट धजेना. कामारेड्डीजवळ मला समोरचं दिसेनासं झालं म्हणून मी कडेला थांबलो आणि हेल्मेट न काढताच रडलो. ती थांबली नाही. माणूस मागे फिरलाय, आता पुढे जाण्यात काही राहिलेलं नाही, हे तिला काही केल्या कळत नव्हतं. तिचं आपलं एकच. त्र्यंबक तिकडे आहे, तिकडे चला.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अरे, ही खोट आहे! चांगली मोठी खोट आहे. ही श्रीकांतला सापडली असती तर त्याने पूजाबिजा न बघता यंत्र डब्यात भरायला लावलं असतं. उद्याच्या उद्या मी गुजराती गल्लीत उभा असतो, आणि तो पलंगावरून दुकानदाराला विचारत असता, थांब म्हटल्यावर थांबतं का तुझं हे मशीन.

"श्रीकांत," मी हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणालो, "सापडली रे खोट."

"वापस मुड़ें," यंत्र म्हणालं.